२५६ एमबीची शाळा

रायगड जिल्ह्यात कर्जतकडच्या डोंगराळ भागात खैराट धनगरवाडा नावाची वस्ती आहे. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे, खेळण्यासारखे दिसणारे लॅपटॉप आले. पहिली ते चौथी मिळून विसेक मुले, आणि प्रत्येकाला एक. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या अमेरिकेत निघालेल्या योजनेचा भारतातला हा पहिला प्रयोग. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या त्या मुलांचे फोटो तेव्हा देशोदेशी छापून आले होते.

मी जन्मभर इतिहास शिकवला. जुना फोटो समोर आला की वर्गात मी एकच प्रश्न विचारत असे : या फोटोत काय दिसत नाही? खैराटच्या फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या यंत्राची रॅम. ती होती २५६ एमबी. तेवढ्या जागेत इंटरनेटचे पान उघडायचे, ते मिटायचे, पुन्हा दुसरे उघडायचे, आणि यंत्र गोठू द्यायचे नाही, हा जो झगडा झाला त्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. विषय रुक्ष वाटेल, पण वाचकहो, थोडा धीर धरा.

आधी एक खुलासा. ब्राउझरला आपल्या आंतरजालावरच्या मंडळींनी 'न्याहाळक' असा छान शब्द काढला आहे. पण आमच्या सास्तुरात मी 'न्याहाळक' म्हणू लागलो तर लोक मलाच न्याहाळतील. म्हणून ब्राउझरच म्हणतो.

रॅम म्हणजे काय हे सांगायला मला फळ्याइतके सोयीचे दुसरे काही सापडलेले नाही. रॅम म्हणजे वर्गातला फळा, आणि डिस्क म्हणजे कपाटातल्या वह्या. जे काम आत्ता चालू आहे ते फळ्यावर. फळा भरला की शहाणा मास्तर एका कोपऱ्यातला मजकूर वहीत उतरवून घेतो, कोपरा पुसतो आणि पुढे चालतो. संगणकही हेच करतो, त्याला स्वॅप म्हणतात. काम मंदावते, पण थांबत नाही. खैराटला आलेल्या त्या एक्सओ लॅपटॉपमध्ये फळा होता, पण उतरवून घ्यायला वहीच नव्हती. हार्ड डिस्कच्या जागी एक जीबीची फ्लॅश चिप होती. फ्लॅशवर सारखे लिहीत-पुसत राहिले तर ती झिजते, शिवाय एक जीबीत अख्खी प्रणाली आणि मुलांचे सगळे काम बसवायचे. तेव्हा स्वॅप बंद ठेवलेले. सुरुवातीच्या नमुन्यांत तर रॅम १२८ एमबीच होती. कारखान्यात उत्पादन सुरू होण्याआधी ती दुप्पट केली गेली.

या यंत्रावर विंडोज नव्हते. फेडोरा लिनक्सच्या पायावर 'शुगर' नावाची एक वेगळीच मांडणी होती. फाइल नाही, फोल्डर नाही. चित्र काढणे, लिहिणे, गाणे वाजवणे अशा 'अ‍ॅक्टिव्हिटी' आणि मुलाने केलेल्या कामाची रोजनिशी. शुगरच्या आखणीतली एक गोष्ट वाचली तेव्हा मास्तर म्हणून मला फार आवडली. मुख्य पडद्यावर एक कडे असायचे. चालू असलेली प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटी त्या कड्याचा एक तुकडा, आणि जी जितकी स्मृती खाईल तितका तिचा तुकडा मोठा. कडे भरत आले की मुलाला दिसायचे की आता काहीतरी बंद केले पाहिजे. भाकरी एक, खाणारे चार. कोणी किती घेतली ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सात वर्षांच्या पोराला एमबी कळत नाही, पण भाकरीचा चतकोर बरोबर कळतो. पुढच्या आवृत्त्यांत ही पद्धत राहिली नाही. मला तिचे वाईट वाटते. मोठ्यांच्या संगणकात इतक्या साधेपणाने हा हिशेब मांडलेला मी अजून पाहिलेला नाही.

त्या कड्यात ब्राउझरचा तुकडा मोठा असायचा. शुगरमधल्या ब्राउझरचे नाव 'ब्राउझ', आणि त्याच्या आत इंजिन होते फायरफॉक्सचेच, गेको नावाचे. म्हणजे डोंगरातल्या पोराच्या छोट्या यंत्रात अमेरिकेतल्या टेबलावरच्या मोठ्या यंत्राचे इंजिन. आता हे इंजिन तयार करणाऱ्यांच्या समोर काय होते ते बघा. निकोलस निग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना दावोसला मांडली ती जानेवारी २००५ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात फायरफॉक्स १.५ आला. त्यात एक नवी सोय होती. पाहून झालेली पाने ब्राउझर स्मृतीत जशीच्या तशी धरून ठेवायचा, म्हणजे 'मागे' हे बटण दाबले की पान क्षणात हजर. किती पाने धरायची ते रॅम पाहून ठरे : एक जीबी असेल तर आठ, ५१२ एमबी असेल तर पाच, २५६ असेल तर तीन. लोक ओरडू लागले की फायरफॉक्सला गळती लागली आहे. तेव्हा फायरफॉक्सच्या प्रमुख प्रोग्रामरांपैकी बेन गुडजर यांनी २००६च्या फेब्रुवारीत जाहीरपणे लिहिले की लोक जिला गळती म्हणतात तिचा बराच भाग गळती नसून सोय आहे.

ते अगदीच खोटे नव्हते. पण ज्याच्या घरी एक जीबी आहे त्याची सोय, ही २५६वाल्याची अडचण असते. ती अडचण कशी असते ते मी जवळून पाहिले आहे.

आमच्या भागातल्या एका शाळेत २००६-०७च्या सुमारास देणगीतून आलेले पाच जुने संगणक होते. शहरातल्या कुठल्याशा कचेरीत वापरून झालेले. रॅम प्रत्येकी २५६ एमबी. विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते, म्हणून पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअर मुलाने त्यांवर लिनक्स चढवून दिले. भारनियमन बारा-बारा तासांचे, त्यामुळे वेळापत्रकात संगणकाचा तास कधीही लिहिलेला असला तरी खरा तास वीज येईल तेव्हा.

सास्तूर म्हटले की बाहेरच्या माणसाला एकच तारीख आठवते, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीचे नाव झाले, पण सास्तूरही त्याच रात्री भुईसपाट झाले, आणि आजचे गाव ते नंतर वसवलेले. २००६-०७ साली आठवी-नववीत बसणारी मुले त्या पहाटे पाळण्यात तरी होती किंवा जन्मालाच यायची होती. भूकंप त्यांना घरातल्या मोठ्यांच्या गप्प बसण्यातून माहीत. जुने गाव कसे दिसत होते, त्या सकाळी काय झाले होते, हे त्यांना बघायचे होते. इंटरनेटवर भूकंपाच्या छायाचित्रांचे एक पान सापडले. डझनभर फोटो एकाखाली एक. पाचही संगणकांवर ते उघडले आणि पाचही संगणक गोठले. पहिले दोन-तीन फोटो आले. चौथा अर्धाच. वरचे माळवद कलंडलेले दिसत होते, खालची बाजू राखाडी. माउस हलेना.

एका मुलीने विचारले, "सर, खाली काय आहे?"

खाली काय होते ते मला माहीत होते. मी सांगितले. वीज जाईपर्यंत सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी याच गोष्टीचे गणित मी फळ्यावर मांडले. (गणिताचे सर हसले, पण त्यांनीच शेवटी आकडा तपासून दिला.) फोटोची फाइल लहान असते, तीन-चारशे केबीची, कारण ती दाबून भरलेली असते, गादीच्या खोळीत कापूस भरतात तशी. पडद्यावर दाखवायची तर ती उलगडावी लागते. फोटो १६०० बाय १२०० ठिपक्यांचा असेल तर ठिपके झाले १९,२०,०००. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. म्हणजे ७६,८०,००० बाइट, जवळपास पावणेआठ एमबी. बारा फोटोंचे झाले ९२ एमबी. आणि त्या काळचे ब्राउझर पान उघडे असेपर्यंत सगळे फोटो उलगडलेलेच ठेवत, मग डोळ्यांसमोर एकच का असेना. २५६ मधून प्रणालीचा वाटा काढा, ब्राउझरचा स्वतःचा काढा, मागच्या पानांचा काढा. मुलांना वजाबाकी पटली.

एक्सओ लॅपटॉपवर याहून वाईट व्हायचे, कारण वही नाही. लिनक्सची एक सवय आहे. कार्यक्रमांनी स्मृती मागितली की ते उदारपणे 'हो' म्हणत जाते, शिल्लक असलेल्यापेक्षा जास्त वचने देते. लग्नात पाचशे ताटांची सोय असताना आपण आठशे पत्रिका वाटतो तसे. सगळे थोडेच येणार आहेत! पण एखाद्या मुहूर्ताला सगळे येतात. मग लिनक्स चालू कार्यक्रमांचे फळ्यावरचे जे मजकूर फ्लॅशवरून पुन्हा वाचता येतील ते पुसते, लगेच त्यांचीच गरज पडते, पुन्हा वाचते, पुन्हा पुसते. बाहेरून बघणाऱ्याला यंत्र मेल्यासारखे दिसते, आत मात्र नुसती धावपळ. शेवटी एक जल्लाद बाहेर येतो (त्याचे इंग्रजी नावही तसेच भयंकर आहे) आणि एखादा कार्यक्रम निवडून मारून टाकतो. मारला जाणारा दर वेळी दोषी असतोच असे नाही. मुलाने तासभर काढलेले चित्र त्यात गेले तर त्याची दाद कुणाकडे मागणार?

आता खऱ्या गळतीकडे येतो, कारण सोयीच्या आड गळतीही होतीच. वर्गाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात कुणीतरी चौकट आखून 'पुसू नये' असे लिहून जाते. कोणी लिहिले, कशासाठी, कुणालाच आठवत नाही. पण पुसायला कोणी धजत नाही. वर्ष सरता सरता तशा सात-आठ चौकटी होतात आणि शिकवायला उरतो वीतभर फळा. गळती ती हीच. ब्राउझरमध्ये तिचा एक खास प्रकार होता. पानाला त्याच्यातल्या स्क्रिप्टची गरज आणि स्क्रिप्टला पानाची. दोघेही एकमेकांचा हात धरून दारात उभे, 'तू निघालास की मी निघतो'. पाहुणे जात नाहीत, घर रिकामे होत नाही. जून २००८च्या फायरफॉक्स ३ मध्ये अशा जोड्या शोधून दोघांना एकदम बाहेर काढणारी यंत्रणा आली.

त्याच आवृत्तीत आणखी दोन गोष्टी आल्या, आणि त्या दोन्ही आडबाजूच्या जगातून आल्या हे मला महत्त्वाचे वाटते. पहिली, उलगडलेले फोटो काही वेळाने पुन्हा सोडून देण्याची. त्यासाठी झटला तो लिनक्सवरच्या ग्नोम प्रकल्पात काम करणारा मेक्सिकोचा फेदेरिको मेना-किंतेरो. दुसरी गोष्ट विखुरलेल्या जागेची. फळ्यावर एकूण जागा भरपूर आहे, पण इथे चार बोटे, तिथे चार बोटे. भारताचा नकाशा काढायला सलग जागाच नाही. ब्राउझर दिवसभर चालवला की त्याच्या स्मृतीचे असेच होई. टॅब बंद केले तरी आकडा खाली येत नसे, याचे हे एक मोठे कारण. त्यावर उपाय म्हणून फायरफॉक्सने जेसन इव्हान्स याने लिहिलेली जागावाटपाची पद्धत घेतली. ती मुळात लिहिली गेली होती फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी, जिचे नाव आपल्याकडे शंभरातल्या एकालाही माहीत नसेल. लहान गावातून शिकून गेलेला मुलगा शहराचा कारभार सावरतो, त्यातलाच हा प्रकार!

विंडोजवाल्यांनी ब्राउझरच्या तक्रारी भरपूर केल्या, पण लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांची एक अडचण अशी होती की ती इतर कुणाच्या ध्यानातही आली नसती. २००६-०७च्या काळात जुन्या यंत्रावर फायरफॉक्स हलका आणि वेगवान करायचा एक नुस्खा सर्रास सांगितला जाई : पँगो बंद करा. एक ओळ लिहायची, झाले. ब्राउझर खरोखर चपळ होई. पण पँगो म्हणजे काय? अक्षरे जुळवून योग्य जागी बसवणारा तो भाग. इंग्रजीचे त्याच्यावाचून काही अडत नाही. ए नंतर बी, बी नंतर सी, ओळीने ठेवत गेले की झाले. आपले तसे नाही. 'किल्लारी' लिहिताना मनात क आधी आणि वेलांटी नंतर, पण कागदावर वेलांटी आधी. दोन ल जोडले जातात. पँगो बंद केला की वेलांटी क-च्या पुढे जाऊन पडे, ल-चा पाय मोडलेला दिसे. फेडोरासारख्या वितरणांनी पँगो मुद्दाम चालू ठेवला होता तो आपल्यासारख्या लिप्यांसाठीच, आणि त्याबद्दल इंग्रजीवाल्यांची बोलणीही खाल्ली. म्हणजे तोच जुना संगणक, तीच २५६ एमबी. इंग्रजी वाचणाऱ्याला काटकसरीचा एक मार्ग मोकळा, मराठी वाचणाऱ्याला बंद. फायरफॉक्स ३ पासून लिनक्सवर पँगो हाच राजमार्ग झाला आणि ही भानगड मिटली. पुण्यात रेड हॅटच्या कचेरीतली मंडळी त्या काळात भारतीय लिप्यांच्या फाँटवर काम करत होती. आज आपण लिनक्सवर सुखाने मराठी वाचतो त्यात अशा अनेकांचे कष्ट आहेत. त्यांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला आणि त्याने प्रश्नाचा चेहराच बदलला. फायरफॉक्स म्हणजे एकत्र कुटुंब होते. एक चूल, एक कोठी. एका पोराने चुलीत पाणी ओतले की सगळे उपाशी. क्रोमने प्रत्येक टॅबला वेगळे बिऱ्हाड करून दिले. एक कोसळला तर बाकीचे सुखरूप, आणि बिऱ्हाड मोडले की त्याची सगळी जागा मोकळी. पण प्रत्येक बिऱ्हाडाला चूल वेगळी, तवा वेगळा, पोळपाट वेगळे. खर्च वाढणारच. पुढे जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' ही प्रोसेसरांमधली भगदाडे उघड झाली. मग एकाच पानात आलेल्या वेगवेगळ्या संकेतस्थळांच्या तुकड्यांनाही वेगळी घरे देणे क्रोमला भाग पडले, आणि त्यापायी स्मृतीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो हे गूगलने स्वतःच सांगितले. या वेळी कारण चैनीचे नव्हते, चोरांपासून बचावाचे होते. तरी भुर्दंड लहान यंत्रालाच जास्त.

पुन्हा मागे जातो. मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ आला आणि स्मृतीबद्दलची ओरड टिपेला पोचली. तेव्हा मोझिलात निकोलस नेदरकोट या ऑस्ट्रेलियन माणसाने 'मेमश्रिंक' नावाची मोहीम उघडली. मला ही मोहीम आवडते ती तिच्या पद्धतीसाठी. आधी भांडण नाही, आधी मोजणी. ब्राउझरनेच आपल्या खर्चाचा तपशीलवार जमाखर्च दाखवावा अशी सोय वाढवत नेली : इतके चित्रांना, इतके स्क्रिप्टला, इतके अमक्या टॅबला, आणि इतक्याचा हिशेब लागत नाही. तो 'हिशेब लागत नाही'चा आकडा कमी करत आणणे हेही एक कामच मानले. दर आठवड्याला बैठक, तक्रारींची छाननी, आणि काय केले ते जाहीर लिहायचे. आमच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च असा भिंतीवर लागला असता तर... असो. सप्टेंबर २०११च्या फायरफॉक्स ७ मध्ये वापर २० ते ३० टक्क्यांनी, काही वेळा निम्म्यापर्यंत उतरल्याचे मोझिलाने सांगितले. ऑगस्ट २०१२च्या १५ व्या आवृत्तीत ब्राउझरला लोक जी जोड-ठिगळे लावतात त्यांच्यातून होणाऱ्या गळतीचा मोठा भाग बुजला.

खैराटच्या मुलांना याचा फारसा उपयोग झाला नाही. एक्सओच्या पुढच्या नमुन्यात रॅम एक जीबी केली गेली, आणि २०१२च्या सुमारास शुगरच्या ब्राउझरने फायरफॉक्सचे इंजिन सोडून वेबकिट घेतले. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना २००६ मध्येच नाकारली होती, त्यामुळे आपल्याकडे ती प्रयोगापलीकडे फार गेली नाही. उरुग्वेने मात्र देशभरातल्या प्राथमिक शाळांत ती यंत्रे वाटली. शंभर डॉलरचे म्हणून निघालेले यंत्र कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत १८८ डॉलरच्या घरात गेले होते. मंत्रालयाचा निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. मास्तर म्हणून माझा कल मंत्रालयाकडे झुकतो. वर्गखोली आणि शिक्षक आधी, लॅपटॉप नंतर.

पण मेमश्रिंकचे पाणी मुरले ते भलत्याच जमिनीत. मोझिलाने फायरफॉक्स ओएस नावाची मोबाइलची प्रणाली काढली होती. तिच्यात ब्राउझर हीच प्रणाली. फोन लावणे, संदेश, कॅमेरा, सगळे काही इंजिनाच्या पोटात चालणारी पानेच. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने भारतात त्यावरचा 'क्लाउड एफएक्स' फोन आणला. किंमत १,९९९ रुपये, रॅम १२८ एमबी. आकडा पुन्हा वाचा. २००७ मध्ये ज्या लॅपटॉपसाठी १२८ एमबी अपुरी म्हणून सोडून द्यावी लागली, तेवढ्यातच सात वर्षांनी त्याच गेको इंजिनाला अख्खा फोन चालवायला लावले. इंजिन बारीक करण्याची जी मेहनत झाली नसती, तर हा विचारसुद्धा कुणी केला नसता. फोन संथ होता, लोकांनी नावे ठेवली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनसाठीचा प्रयत्न थांबवल्याचे जाहीर केले.

प्रणालीचा आराखडा सर्वांना खुला होता, त्यामुळे ती मेली नाही. तिच्यातून कायओएस निघाली. २०१७च्या जुलैत रिलायन्सने १,५०० रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर जो जिओफोन जाहीर केला, त्यात होती कायओएस, आणि रॅम ५१२ एमबी. सास्तूरच्या आठवडी बाजारात शेंगा विकणाऱ्या बाईच्या कमरेच्या पिशवीत जो बटणांचा फोन वाजायचा, त्यात फायरफॉक्सचे इंजिन होते हे तिला सांगणारे कुणी नव्हते, आणि सांगून तिला काय फरक पडणार होता! पण इतिहास लिहिणाऱ्याला पडतो. आडबाजूच्या प्रणालीवर ब्राउझर गोठतो म्हणून कुणीतरी चिवटपणे तक्रारी लिहिल्या, कुणीतरी त्या मोजल्या, आणि त्या काटकसरीचे फळ कोट्यवधी हातांत पोचले. ज्यांनी तक्रारी लिहिल्या त्यांच्यापर्यंत ते पोचले की नाही हा भाग निराळा.

मोठ्या संगणकांच्या बाबतीत मात्र वारे उलटे वाहिले. रॅम स्वस्त झाली तशी पाने जड झाली. पूर्वी बातमीचे पान म्हणजे बातमी. आता बातमीभोवती जाहिराती, जाहिरातींमागे हेरगिरी करणाऱ्या स्क्रिप्ट, त्यांच्यामागे आणखी स्क्रिप्ट. ब्राउझर बिचारा बारीक होऊन काय करणार, जेवायला येणारेच आडदांड. आपल्या सी-डॅकने बॉस नावाची देशी लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आणली, चेन्नईत तयार झालेली, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली. जुन्या यंत्रांना, सरकारी शाळांना ती उपयोगी पडावी ही इच्छा चांगलीच होती. पण प्रणाली देशी असली तरी तिच्यातला ब्राउझर तोच आणि त्यात उघडायची पानेही तीच. बॉस उभी आहे डेबियन या वितरणाच्या पायावर, आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र प्रणाली बसवण्याची सोय बंद केली. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडले होते. फायरफॉक्स सर्वात जास्त काळ टिकला. त्याची १४४ वी आवृत्ती, ऑक्टोबर २०२५ची, ही ३२-बिट लिनक्ससाठी शेवटची. दीर्घ मुदतीच्या १४० व्या आवृत्तीला सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ, असे मोझिलाने जाहीर केले.

शाळेतल्या त्या पाच संगणकांपैकी एक, भंगारात निघाला तेव्हा मी वजनाच्या भावाने विकत घेतला. तो ३२-बिट आहे. रॅम वाढवून ५१२ एमबी केली. त्यावर मी आता नेटसर्फ नावाचा छोटा ब्राउझर वापरतो. हा २००२ साली आरआयएससी ओएस या इंग्लंडातल्या जुन्या, विस्मृतीत चाललेल्या प्रणालीसाठी लिहायला घेतला गेला आणि नंतर लिनक्सवर आला. स्मृती फारच कमी खातो. लिनक्सवर अक्षरे जुळवायला पँगोच वापरतो, त्यामुळे 'किल्लारी' नीट दिसते. साधी पाने उघडतात, लेख वाचता येतात, भूकंपाचे फोटोही एकेक करून पाहता येतात. स्क्रिप्टवर चालणारी पाने मात्र त्याला पेलत नाहीत. मागच्या महिन्यात नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरायला बसलो, तर पडद्यावर नुसते शीर्षक आणि खाली कोरा कागद. तिने खिशातून मोबाइल काढला आणि अंगणात, जिथे रेंज येते तिथे जाऊन अर्ज भरून आली.